मिरज जंक्शनवरच्या त्या सगळ्यांना, एका लातूरकर बाईचं पत्र

मिरजेच्या दादांनो, काकांनो, सप्रेम नमस्कार.

२०१६ च्या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला रेल्वेनं कृष्णेचं पाणी पाठवलंत. तेव्हा सत्कार झाले, फोटो निघाले. पण ज्यांनी भर उन्हात वाघिणींवर चढून पाइप धरले, व्हॉल्व्ह फिरवले, रात्री-अपरात्री गाडी पुढे काढली, त्यांना कुणी लिहिलं की नाही कोण जाणे. म्हणून हे पत्र.

तेव्हा इथं काय चाललं होतं ते तुमच्या कानावर आलंच असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळ बंद. आमच्या गल्लीत टँकर आला की घराला दोनशे लिटर, आणि पुढचा कधी येईल ते कुणालाच सांगता यायचं नाही. बायका आदल्या रात्रीच नंबर लावायच्या. हंडे ओळीत मांडून कड्यांमधून दोरी ओवायच्या, म्हणजे मध्ये कुणी आपली घागर सरकवू नये. तरीही सरकवायचेच. वर्षानुवर्षं एकमेकींच्या डोहाळजेवणाला गेलेल्या बायका एका कळशीवरून हमरीतुमरीवर आलेल्या मी पाहिल्या आहेत. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती १४४ कलम लावावं लागलं. पाण्यासाठी जमावबंदी!

१२ एप्रिलच्या पहाटे तुमची पहिली गाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. एवढ्या शहराला वाटलं तर माणशी पाच-सहा लिटरच. तेवढ्यानं तहान भागणार नव्हती, पण माणसं निवळली. पाणी निघालंय, पोचणार आहे, एवढं कळलं तरी रांगेतला आवाज खाली येतो. पाण्याइतकेच त्या भरवशाचे मी आभार मानते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ती गाडी कवठेमहांकाळ, जत रोड, सांगोल्यावरून यायची. ही गावंसुद्धा दुष्काळाचीच. जत-आटपाडीच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाण्याची वाट पाहिलेली. त्यांच्या डोळ्यांदेखत भरलेल्या वाघिणी आमच्याकडे धावत होत्या, आणि कुणी आडवं आल्याचं मी तरी ऐकलं नाही. आम्ही इथं एका कळशीसाठी भांडत होतो, हे लिहिताना जीव तुटतो.

त्याच पावसाळ्यात मांजरा भरलं आणि शिवारात पुन्हा उसाचे मळे उभे राहिले. हे मला पटत नाही. आधी पिण्याचं राखून मग उसाचं बघा, असं मी गल्लीतल्या बैठकीतही बोलते आणि घरातही बोलते. आमचा दुष्काळ नुसता आभाळाचा नव्हता. तुमचं पाणी प्यालेल्या माणसांनी एवढं तरी उघड बोलायला हवं, असं मला वाटतं.

कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी भागाला देणाऱ्या म्हैसाळ योजनेचं पाणी जतच्या शेवटच्या गावापर्यंत पोचावं म्हणून तुमच्या भागात लोक भांडतात. त्यासाठी कधी मोर्चा निघाला तर लातूरला कळवा. आमच्या गल्लीतल्या बायका येतील, मी घेऊन येईन.

तुमची,
लातूरची एक रहिवासी