नाव न सांगता फी भरणाऱ्यांनो

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बुडालं. आठवडाभर आम्ही नुसता चिखल उपसत होतो. धाकट्याने तर शिक्षण सोडून मुंबईला हेल्पर म्हणून जायची बॅगही भरली होती.

तुम्ही त्याची आयटीआयची दोन्ही वर्षांची फी भरलीत, वर हत्यारांची पिशवी दिलीत. नाव विचारलं तर "ते राहू दे." पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर... पहिल्या रात्री पठ्ठ्या ती पिशवी उशाशी घेऊन झोपला!

आज तो इलेक्ट्रिशियन आहे. कुणाकडे बोर्ड बसवायचा असला की आधी भिंतीवरची पुराची रेघ शोधतो. मनापासून आभार. आईने तुमच्यासाठी आमसुलांची बरणी भरून ठेवलीय. पत्ता तेवढा कळवा.