फुटबॉल शहराबाहेर नेण्याआधी दरवाजे मोजा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत : मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

स.न.वि.वि.

कोल्हापुरात एखाद्या मोठ्या सामन्याला दगड-बाटल्या उडाल्या, की दोन उपाय हटकून ऐकू येतात. स्पर्धाच बंद करा, हा पहिला. फुटबॉल शाहू स्टेडियममधून उचला आणि शहराबाहेर ऐसपैस जागेत न्या, हा दुसरा. पहिल्यावर शाई खर्च करत नाही. पन्नास जणांच्या हुल्लडबाजीची शिक्षा सगळ्या खेळाडूंना देण्यात कसलाही न्याय नाही. दुसरा उपाय मात्र ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून हे पत्र. खाली सह्या करणारे आम्ही वेगवेगळ्या तालमींचे समर्थक आहोत आणि एरवी गॅलरीत एकमेकांशेजारी बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मुंबईत बसून पाहणाऱ्याला इथला क्लब म्हणजे काय, हे लगेच उमगत नाही. इथे क्लब म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. शिवाजी तरुण मंडळ हरले की शिवाजी पेठ हरते, पाटाकडील जिंकले की मंगळवार पेठेत गुलाल उडतो. प्रॅक्टिस, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, जुना बुधवार अशा प्रत्येक नावामागे गल्ल्या आहेत, गणपती आहेत, घराणी आहेत. या ईर्षेवरच इथला फुटबॉल जगला. जिल्ह्याच्या लीगला एवढी गर्दी खेचणारी शहरे महाराष्ट्रात दुसरी शोधून सापडणार नाहीत. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

स्टेडियम पेठांच्या सांध्यावर आहे, त्यामुळे बहुतेक प्रेक्षक चालत येतात आणि चालत जातात. सामना संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत माणूस आपल्या गल्लीत, ओळखीच्या माणसांत पोचतो. तिथे त्याला कान धरून घरी पाठवणारे कोणीतरी असते. हेच मैदान सात-आठ किलोमीटर लांब नेले, तर तोच पोरगा मोटारसायकलवर तिघांत तिसरा बसून, सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाड्यांच्या ताफ्यातून परतणार. वाटेत दुसऱ्या पेठेचा ताफा भेटणार. आज पोलिसांना चार चौक सांभाळायचे असतात, तेव्हा सात-आठ किलोमीटरचा रस्ता सांभाळावा लागेल. भांडण तेवढेच राहील, त्याला फक्त लांबी मिळेल.

मग आज गडबड कुठे होते? गोंधळाचे बीज बहुतेक वेळा वेळापत्रकात असते. दिवसाला दोन सामने लावले की चार संघांचे समर्थक एकाच वेळी आत असतात. पहिला सामना हरलेले घरी जात नाहीत. दुसऱ्या सामन्यात आपल्या वैऱ्याच्या विरुद्ध ओरडायला थांबतात, आणि त्यांचा स्वतःचा संघ मैदानात नसल्याने त्यांना गमावण्यासारखे काही उरलेले नसते. त्यात चार वाजता सुरू झालेला नव्वद मिनिटांचा सामना मध्यंतर आणि वाया गेलेला वेळ धरून सहाच्या सुमारास संपतो, टायब्रेकर झाला तर आणखी उशीर. डिसेंबरात कोल्हापूरचा सूर्य साधारण तेव्हाच मावळतो. म्हणजे सगळ्यांत तापलेली गर्दी नेमकी अंधार पडताना रस्त्यावर येते. उपाय फुकटचा आहे. ईर्षेच्या सामन्याच्या दिवशी एकच सामना ठेवा आणि तो तीनला सुरू करा. तिकिटाचे उत्पन्न थोडे घटेल, बंदोबस्ताचा खर्च त्याहून जास्त घटेल.

दुसरी जागा म्हणजे दरवाजे. क्रीडांगणाच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये वापरली जाणारी मार्गदर्शिका सांगते, की सपाट वाटेवरून मिनिटाला, रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे 82 माणसे बाहेर पडू शकतात. पायऱ्या असतील तर 66. सगळे प्रेक्षक आठ मिनिटांत बाहेर पडले पाहिजेत. हा हिशेब 15,000 प्रेक्षकांना लावून पाहू. सपाट वाट असेल तर एकूण सुमारे 23 मीटर रुंदीची दारे हवीत, पायऱ्या असतील तर सुमारे साडेअठ्ठावीस. मोजायची ती सामना संपताना खरोखर उघडी असलेली रुंदी. कुलूप लावलेले दार, अर्धे उघडलेले शटर, दारात आडवी लावलेली गाडी आणि वडापावचा गाडा हे सगळे त्यातून वजा करायचे. आत येतानाही तेच. त्याच मार्गदर्शिकेनुसार एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसे आत जातात. तासाभरात 15,000 आत घ्यायचे तर 23 फाटके लागतात आणि अंगझडती घेतली तर त्याहून जास्त. फाटके कमी असतील तर सामना सुरू झाल्यावरही बाहेर रांग उरते, आतून गोलचा आवाज येतो आणि रांगेची रेटारेटी होते. इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमवर 1989 मध्ये सामना सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी अशाच रेटारेटीत घाईने मोठे दार उघडले गेले, गर्दी आधीच भरलेल्या कठड्यात घुसली आणि पुढच्या जाळीवर माणसे चिरडली. मृतांचा आकडा शेवटी 97 वर गेला. म्हणून आमचा आग्रह : मैदान आणि प्रेक्षक यांच्यात जिथे जाळी असेल, तिथे मैदानाकडे उघडणारी दारे ठेवा, ती सामनाभर बिनकुलपाची ठेवा आणि प्रत्येक दारावर नेमलेला माणूस उभा करा.

बाहेर सोडण्याच्या क्रमालाही शास्त्र आहे. दोन्ही बाजूंना एकदम सोडू नये, हे सगळ्यांना कळते. आधी कोणाला सोडायचे, इथे चूक होते. कोल्हापुरात ठिणगी पडते ती जिंकलेल्यांची मिरवणूक हरलेल्यांच्या पेठेवरून जाते तेव्हा. त्यामुळे हरलेल्यांना आधी जाऊ द्यावे आणि जिंकलेल्यांना वीस मिनिटे आत, त्यांच्या खेळाडूंसोबत नाचू द्यावे. ते आनंदाने थांबतील. हरलेल्याला कोंडून जिंकलेल्याचा नाच दाखवणे म्हणजे काडी ओढून हातात देणे. गॅलरीत दोन गटांमध्ये रिकामा पट्टा हवा, गटांची दारे वेगळ्या रस्त्यांवर उघडायला हवीत आणि पाणी बाटलीत न देता कागदी पेल्यात द्यायला हवे. स्टेडियमभोवतीचा खडीचा ढीग, फुटकी फरशी, बांधकामाचा राडारोडा आदल्या दिवशी उचलला तर दगडफेकीला दगडच उरत नाही. हे काम महापालिकेचा एक डंपर दोन तासांत करतो.

कोलकात्याचा धडा दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात गॅलरीत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि 16 प्रेक्षक गेले. दोन्हीकडचे समर्थक मिसळून बसले होते. पुढे 1984 मध्ये शहराच्या पूर्वेला सॉल्ट लेकचे प्रचंड स्टेडियम उघडले आणि मोठे सामने तिकडे गेले. 13 जुलै 1997 च्या सामन्याला तिथे 1,31,000 हून अधिक प्रेक्षक होते. पण त्या स्टेडियमच्या दाराशी मेट्रो पोचली फेब्रुवारी 2020 मध्ये. मैदान आधी हलले आणि मेट्रोला छत्तीस वर्षे लागली. मधल्या काळातली गर्दी बस, ट्रक आणि पायांनी वाहिली. ईर्षा मात्र जागच्या जागी राहिली आणि तिची दुसरी बाजूही दिसली. ऑगस्ट 2024 मध्ये पोलीस बळाअभावी या दोन संघांचा ड्युरंड करंडकातला सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही क्लबांचे समर्थक त्याच स्टेडियमबाहेर एकत्र निदर्शनाला उभे राहिले.

तरीही नवे मैदान करायचेच ठरले, तर काही गोष्टी नकाशावर रेघ मारण्याआधी ठरवाव्या लागतील. पहिली, धावपट्टी नको. सरकारी क्रीडासंकुल म्हटले की एका दगडात दोन पक्षी म्हणून 400 मीटरचा ट्रॅक आणि त्यात फुटबॉल मैदान हा आराखडा आपोआप पुढे येतो. आठ लेनचा प्रमाणित ट्रॅक सुमारे 177 मीटर लांब आणि साडेब्याण्णव मीटर रुंद असतो. त्यात 105 बाय 68 मीटरचे मैदान बसवले, तर गोलरेषेपासून ट्रॅकची बाहेरची कडाच 36 मीटर लांब पडते. प्रेक्षक त्याच्याही मागे. इटलीत ट्युरिनला युव्हेंटस क्लबने अशा ट्रॅकच्या स्टेडियमवर 1990 ते 2006 काढली. पुढे ते पाडले आणि त्याच जागी 2011 मध्ये बिनट्रॅकचे, जवळपास 41,000 आसनांचे, म्हणजे आधीपेक्षा बरेच लहान स्टेडियम बांधले. आपल्याकडे बालेवाडीलाही ट्रॅक आहे. तिथे खेळणारी इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आली आणि 2019 मध्ये तो संघ बंद होऊन त्याची जागा हैदराबादच्या संघाला गेली. कारणे पैशाचीही होती, पण पेठांतला पुणेकर बालेवाडीला कधी आपले म्हणू शकला नाही, हेही खरे. मुंबई सिटीने उलटे केले : 2016 मध्ये नेरूळचे भव्य स्टेडियम सोडून ते अंधेरीच्या लहान मैदानावर आले.

दुसरी गोष्ट वाहतूक. पंधरा हजारांपैकी निम्मे बसने येणार असे धरले आणि एका बसमध्ये उभे धरून साठ माणसे बसवली, तरी एका बाजूने 125 फेऱ्या होतात, त्याही तासाभरात. महापालिकेच्या बससेवेकडून, म्हणजे के.एम.टी.कडून हे होईल का, याचे उत्तर लेखी घ्यावे. उरलेले निम्मे दोघांत एक गाडी धरून आले तर 3,750 दुचाकी होतात. येण्या-जाण्याच्या वाटेसह गाडीमागे अडीच चौरस मीटर धरले, तर साधारण त्र्याण्णव गुंठे, म्हणजे सव्वादोन एकरांहून थोडी जास्त जागा निव्वळ पार्किंगला लागते. तीही दोन गटांसाठी दोन टोकांना. पार्किंग एकच केले की गॅलरीत वेगळे ठेवलेले लोक गाड्यांपाशी एकत्र आलेच.

मैदानाबद्दल थोडक्यात. शाहू स्टेडियम जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागी आहे, त्यामुळे तिथे वर नुसती माती टाकून भागत नाही. खाली माशाच्या काट्यासारख्या फांद्यांचे सच्छिद्र पाइप, त्यावर 100 मिलिमीटर खडी आणि त्यावर 250 ते 300 मिलिमीटर धुतलेली वाळू, असा थर हवा. हरळी त्यावर रुजते. मात्र रोज दोन सामने झाले तर गोलसमोरची हरळी कोणत्याही थरावर टिकत नाही. हे पुन्हा वेळापत्रकाशीच येऊन ठेपते.

शेवटचा मुद्दा शिक्षेचा. तिकिटावर गॅलरी आणि आसनाचा क्रमांक छापा, दारावर कॅमेरे ठेवा आणि कारवाई माणसावर करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली शांतता राखण्याचे बंधपत्र घेता येते. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 107 होते. हंगामाआधी नेहमीच्या हुल्लडबाजांकडून अशी बंधपत्रे घेतली, तर सामन्याच्या दिवशी निम्मा बंदोबस्त मोकळा होईल. संघाला गुण कापण्याची शिक्षा तालमीच्या पदाधिकाऱ्यांनी हुल्लडबाजाला लपवले तरच व्हावी. नाहीतर विरोधी पेठेचा एखादा पोरगा आमचा शर्ट घालून दगड मारेल आणि गुण आमचे जातील. हसू नका, पेठांना एवढी अक्कल आहे.

मागणी साधी आहे. स्थलांतराचा कोणताही प्रस्ताव हाती घेण्याआधी पोलीस, अग्निशमन दल, महापालिका, केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) आणि तालमींचे प्रतिनिधी यांनी टेप घेऊन एक दिवस शाहू स्टेडियमवर यावे. प्रत्येक दाराची उघडी रुंदी, प्रत्येक जिन्याची रुंदी आणि प्रत्येक गॅलरीतल्या आसनांची संख्या लिहून काढावी. त्या आकड्यांतून निघेल तेवढीच तिकिटे येत्या हंगामात विकावीत आणि तो तक्ता तिकीटखिडकीवर लावावा. टेप धरायला आमची माणसे येतील, प्रत्येक तालमीचा एक.

आपले,
कोल्हापूरच्या निरनिराळ्या पेठांतील फुटबॉल समर्थक