गाडी विकताना बॅटरी कसली ते तरी सांगा

संपादक साहेब, नमस्कार,

ईव्हीच्या बातम्या वाचून डोकं गरगरतं हो. सोमवारी वाचावं तर पेट्रोलचे दिवस भरले, गुरुवारी वाचावं तर ईव्हीचा फुगा फुटला. आता फोर्डचंच बघा, डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की इलेक्ट्रिकच्या धंद्यापायी १९.५ अब्ज डॉलरचा फटका हिशोबात धरतोय, एफ-१५० लाइटनिंग हा पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप बंद, झालं, लगेच सगळीकडे "ईव्ही फसली". पण त्याच घोषणेत पुढे काय होतं ते कोण वाचतो? अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला बॅटरीचा कारखाना त्यांनी गाडीऐवजी वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्यांकडे वळवायचं ठरवलं, डेटा सेंटर आणि वीज कंपन्यांसाठी. म्हणजे बॅटरीला गिऱ्हाईक आहे, फक्त ते दुसऱ्या दारात उभं आहे.

माझं म्हणणं असं की मागणी मेलेली नाही, अंदाज चुकलेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगात १ कोटी ७० लाखांच्या वर इलेक्ट्रिक गाड्या खपल्या (यात प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनही असलेल्या आणि वायर लावून चार्जही होणाऱ्या गाड्याही धरलेत बरं का, हे बरेच जण सांगत नाहीत). पण त्यातल्या बहुतेक चीनमध्ये. अमेरिकेत ईव्ही घेणाऱ्याला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि गणितच फिरलं. बॅटरीचा कारखाना उभारून नीट चालायला काही वर्षं जातात आणि सरकारी सवलत एका सहीने जाते, मग कंपन्यांची तारांबळ उडणारच.

आणि खरी गंमत बॅटरीच्या आत चाललीय. पाश्चात्य कंपन्यांनी बराच काळ निकेल-कोबाल्टवाल्या एनएमसी बॅटरीवर डाव लावला कारण तेवढ्याच वजनात रेंज जास्त मिळते. चीनवाल्यांनी लोखंड-फॉस्फेटची एलएफपी पकडून ठेवली, बीवायडीची ब्लेड बॅटरी २०२० ची, टेस्लानेही त्याच वर्षी शांघायच्या मॉडेल ३ मध्ये सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीची एलएफपी घातली. तेव्हा लोक नाकं मुरडायचे, रेंज कमी, थंडीत मंदावते वगैरे. ते खोटं नाही. पण ती स्वस्त आहे, निकेल-कोबाल्ट लागत नाही, जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते, पेट घ्यायचा धोकाही तुलनेने कमी. गिऱ्हाईक किमतीवर अडून बसलं तेव्हा सगळे तिकडेच वळले! जनरल मोटर्स (जीएम) आणि बॅटरी बनवणारी एलजी अमेरिकेतल्या टेनेसीतला कारखाना एलएफपीसाठी बदलतायत, शिवाय निकेल कमी आणि मँगनीज जास्त अशी एलएमआर नावाची तिसरीच बॅटरी २०२८ ला आणायचं म्हणतायत. रेनॉनेही २०२४ मध्ये एलएफपी घ्यायचं जाहीर केलं.

टोयोटा मात्र गालातल्या गालात हसत असणार. त्यांचं जुनं गणित आहे, एका लांब रेंजच्या ईव्हीला जेवढा कच्चा माल लागतो तेवढ्यात ६ प्लग-इन किंवा ९० साध्या (बाहेरून चार्ज न होणाऱ्या) हायब्रिड होतात. गणित सोयीचं आहे, हायब्रिड विकणाऱ्याने मांडलेलं आहे, हे विसरू नका. तरी त्यात तथ्य आहेच, आणि त्यांच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कारखान्यात हायब्रिड, प्लग-इन, पूर्ण ईव्ही तिन्हीच्या बॅटऱ्यांची सोय ठेवलीय. एकाच खुंटीला सगळे कपडे टांगले नाहीत. फोर्ड आता लाइटनिंगच्या पुढच्या अवताराला इंजिनवाला जनरेटर देणार, म्हणजे चाकं मोटरवर फिरणार आणि इंजिन फक्त वीज बनवणार. मोठ्या पिकअपला हे पटतं, कारण मागे ट्रेलर जोडला की नुसत्या बॅटरीची रेंज भराभर उतरते.

सगळंच मागणीवर ढकलू नये हेही खरं. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीचं दिवाळं मार्च २०२५ मध्ये निघालं, त्याआधीच बीएमडब्ल्यूने त्यांची २ अब्ज युरोची ऑर्डर रद्द केली होती, कारण माल वेळेवर येईना. ऑर्डर होती, सेल (ज्यांची मिळून बॅटरी बनते ते) बनत नव्हते. चांगला सेल सातत्याने बनवणं भयंकर अवघड आहे, सेलच्या आतल्या पातळ पत्र्यांवरच्या लेपात जराशी गडबड झाली की अख्खा लॉट भंगारात.

हे सगळं लिहायचं कारण, या उलथापालथीत विकत घेणाऱ्याला काही कळत नाही. एकाच नावाच्या गाडीत छोट्या व्हेरियंटला एलएफपी आणि मोठ्याला एनएमसी असू शकते, आणि दोन्ही वापरायची पद्धत वेगळी. एलएफपी अधूनमधून १०० टक्के चार्ज करा म्हणतात, एनएमसीला रोज ८० च्या आसपास थांबा म्हणतात. जाहिरातीत मात्र रेंज, स्क्रीन केवढी, आणि छत काचेचं आहे का! पेट्रोल की डिझेल हे जसं न विचारता सांगतात तसं बॅटरी कुठल्या प्रकारची हे कंपन्यांनी माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापावं. आणि तुमच्या वाहन पानावरच्या तक्त्यात मायलेजशेजारी एक रकाना बॅटरीच्या प्रकाराचा टाका ना, जागा फार लागत नाही, तीन अक्षरं तर आहेत.

आपला,
एक नियमित वाचक