तासिकेवरच्या सर-मॅडमचे कागद दिवाळीच्या रद्दीत देऊ नका

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची झाडलोट पंधरा दिवसांवर आली. माळ्यावरची पोती खाली उतरतील, रद्दीवाला दारात काटा लावील, आणि त्या पोत्यांत महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मोबदल्यावर, शिकवणाऱ्या कुणा सरांच्या किंवा मॅडमच्या नेमणुकीच्या ऑर्डरी असतील तर त्याही किलोच्या भावात जातील. तेवढ्या जाऊ देऊ नका, आमच्या वाचनालयाला द्या. दारव्हा तालुक्यातल्या आणि आसपासच्या सीएचबी (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिकेवरच्या) प्राध्यापकांच्या कामाचं दप्तर आम्ही इथं उभं करतो आहोत.

मी या सार्वजनिक वाचनालयाचा सचिव. त्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक होतो, आणि या ऑर्डरी मीच टाईप करत असे. पावसाळ्यात जाहिरात, मग मुलाखत, मग ऑर्डर. उन्हाळी परीक्षा आल्या की काम संपलं. पुढच्या वर्षी तोच माणूस, तेच वर्ग आणि पुन्हा मुलाखत. कायम प्राध्यापकाची सेवापुस्तिका असते. रजा, वेतनवाढ, लग्नानंतर बदललेलं नाव, सगळं तिच्यात चढतं. तासिकेवाल्याला सेवापुस्तिका नाही. वर्ष संपलं की त्याची फाईल सुतळीनं बांधून आम्ही माळ्यावर टाकत असू. एका पावसाळ्यात छत गळलं, मागोमाग वाळवी लागली, आणि कित्येक वर्षांचे गठ्ठे ढेकळासारखे हातात फुटले. त्यांत कोण कोण होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. पण त्यांतल्या एखाद्यानं येऊन अनुभवाचा पुरावा मागितला तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. ही गोष्ट मला फार लागून राहिली आहे.

गेल्या महिन्यात एका मॅडमनी युरियाच्या धुतलेल्या पोत्यातून आपले अकरा वर्षांचे कागद आणून दिले. अकरा ऑर्डरी, तितकीच कार्यमुक्तीची पत्रं, मानधनाच्या बिलांच्या झेरॉक्स आणि एक दोनशेपानी वही. वहीत रोजची नोंद आहे: तारीख, वर्ग, शिकवलेला भाग आणि मिनिटं. मिनिटं अशासाठी, की तासिका 48 मिनिटांची आणि मोबदला 60 मिनिटांच्या तासाचा. पाचदा वर्गावर उभं राहावं तेव्हा बिलात चार तास लागतात. दर महिन्याच्या शेवटी समासात पेन्सिलीनं हा हिशेब मांडलेला आहे, खाडाखोडीसकट. नोव्हेंबरातल्या काही ओळींपुढं मिनिटांचा रकाना कोरा आहे, कारण मुलं कापूस वेचायला वावरात गेली होती आणि वर्ग भरलाच नाही. मॅडम मात्र एसटीनं येऊन परत गेल्या होत्या. त्या दिवसांची तिकिटं पानाला टाचलेली आहेत. टाचण्या गंजल्या, त्यांचे तांबडे डाग पानात उतरले, आणि तिकिटं पार पांढरी झाली. मशीनच्या कागदावरची छपाई उडून जाते. 2021 च्या दिवाळीपासून लांबलेल्या एसटी संपातल्या पानांवर तिकिटांच्या जागी पेट्रोलचे आकडे आहेत.

ही वही आमच्या संग्रहातला पहिला दस्तऐवज. माझ्या मते कुठल्याही अहवालापेक्षा ती जास्त सांगते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या वर नसावेत असं लिहिलं आहे. आमच्या भागात एखाद्या विषयाचा अख्खा विभाग वर्षानुवर्षं तासिकेवरच चाललेला मी पाहिला. प्राध्यापकीसाठीची नेट-सेट परीक्षा पास झालेली, पीएच.डी. केलेली माणसं. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा, 2023 पासून पदवी वर्गाला ताशी 900 रुपये, आणि तेही शिकवलं तितक्याच तासांचे. सुट्ट्यांचं काही नाही. पेपर तपासणं, पर्यवेक्षण, गॅदरिंगची तालीम, राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) शिबिर हे सगळं करायचं, आणि बिल हातात पडायला कधी कधी पुढचं सत्र उजाडायचं. तोवर घर कशावर चाललं? कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी वावरात राबलं, कुणी किराण्याची उधारी वाढवली. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतलं पहिलं पदवीधर पोर यांच्याच हाताखालून गेलं आहे.

नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात मध्यप्रांत-वऱ्हाडचे सरकारी कागद आहेत. आपल्या यवतमाळात शारदाश्रम या संशोधन संस्थेनं महानुभाव पोथ्या जमवून जपल्या. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि घराघरांतली दप्तरं त्यांनी उजेडात आणली. आमचं काम त्यांच्यापुढं लहान आहे, पण रीत तीच: ज्याच्या घरी कागद आहे, त्याच्या दारी जायचं.

तेव्हा तुमच्याकडे जे असेल ते द्या. ऑर्डर, मुलाखतीचं पत्र, बिल, पासबुक, निवेदनाची प्रत, धरणे आंदोलनातला फोटो, हातानं काढलेल्या नोट्स. तुम्ही विद्यार्थी असाल तर सरांनी लिहून दिलेली वही चालेल. मूळ कागद सोडवत नसेल तर तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. एक कळकळीची विनंती: आणण्याआधी कागद लावू-बिवू नका. ज्या क्रमानं ठेवले होते तसेच आणा, त्या क्रमालाही अर्थ असतो. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, तिकिटासारखा कागद त्या उष्णतेनं काळा पडतो.

अनेकजण अजून नोकरीत आहेत आणि पुढच्या वर्षीच्या ऑर्डरीची वाट बघत आहेत, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून प्रत्येकाकडून लेखी संमती घेऊ. नाव झाकायचं की दाखवायचं, कागद आज खुले करायचे की काही वर्षं बंद पाकिटात ठेवायचे, हे देणाऱ्यानं ठरवायचं. आधार आणि खात्याचे नंबर प्रतीवर काळे केले जातील.

आता पैशाचं. वाचनालयाचं अनुदान पुस्तकं आणि पगारातच संपतं. आम्हाला दोन लोखंडी कपाटं, एक स्कॅनर, आम्लरहित कागदाच्या फायली आणि दोन हार्ड डिस्क घ्यायच्या आहेत. एक डिस्क इथं राहील आणि दुसरी गावाबाहेर, म्हणजे आग-पाण्यात दोन्ही एकदम जाणार नाहीत. शंभर रुपयेही चालतील, पावती अवश्य घ्या. जुनं कपाट असेल तर तेही चालेल, फक्त वाळवी लागलेलं नसावं. कुणाकडे वेळ असेल तर रविवारी येऊन टाचण्या काढायला मदत करा. नखानं ओढली की कागद फाटतो, त्यामुळे ती सावकाश सोडवावी लागते. मी शिकवीन. ज्या सर-मॅडमना बोलायचं आहे त्यांची मुलाखतही आम्ही रेकॉर्ड करू, त्यांना सोयीच्या वेळी, त्यांच्याच घरी.

वाचनालय रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. पोतं जड असेल तर नुसता निरोप द्या, आमची पोरं फटफटी घेऊन येतील.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय