पाठीचं काय ते कळव

जुनी सांगवी, पुणे
गुरुवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल तुला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसवून आलो तर तुझी आई माझ्याशी काही बोलली नाही. भांड्यांशी मात्र बरंच बोलली. अशा पाठीने दिल्लीच्या शूटिंग ट्रायलला जाताना मी तुला अडवायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. एमआरआयचा रिपोर्ट तिने फ्रिजवर लावून ठेवलाय, येता-जाता मला दिसावा म्हणून. फोनवर तू नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करतेस, त्यामुळे कागदावर लिहितोय. मनू शनिवारी विमानाने दिल्लीला येतोय, त्याच्याकडे देतो.

पाठीचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण अख्खी रात्र आणि वर अख्खा दिवस त्या बर्थवर काढलास, झोप लागली का? उशी कमरेखाली घेतली होतीस ना?

बरं, ते राहू दे.

एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. आमच्या लेथच्या शॉपमध्ये अर्धा मिलीमीटर चुकला तर जॉब सरळ भंगारात जातो. पण आमचा जॉब चकमध्ये आवळलेला असतो आणि टूल पोस्टमध्ये. तुझं सगळंच हलतं, श्वास, नाडी, पोटातली भीतीसुद्धा. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं, आणि अंगावर ते ताडपत्रीसारखं जाकीट. इतकी वर्षं लेथवर काढून मला जे जमलं नाही ते तू उभ्या उभ्या करतेस, हे मी शॉपमध्ये सगळ्यांना ऐकवून झालंय. शिंदे तर आता मला बघितलं की विषय बदलतो.

आणि तो पवित्रा! डावी कंबर पुढे काढायची, पाठ मागे वाकवायची, कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि वर पाच किलोची रायफल तोलायची. फोटोत झकास दिसतं. पण रिपोर्टमध्ये जी कमरेच्या मणक्यांमधली, एल-फोर, एल-फाइव्हची गादी सरकलेली दाखवलीय, ती त्याच जागची ना गं?

तुला आठवतं का, सुरुवातीला सरांनी गोळीच दिली नव्हती. नुसती रायफल धरून उभं राहायचं. घरी तू आजीची काळी टिकली कपाटाच्या दारावर लावायचीस आणि तिच्यावर नेम धरून उभी राहायचीस. आजी मधून गेली की ओरडायचीस. ती बिचारी स्वयंपाकघरातून विचारायची, 'बाई, झाली का तुझी लढाई, येऊ का?' बंड्या तेवढ्यात क्रिकेट खेळून, आंघोळ करून, जेवून मोकळा व्हायचा. मला वाटलं होतं आठवड्याभरात कंटाळशील. स्कूटरवर तो लांबलचक डबा आडवा धरून बालेवाडीच्या रेंजवर जाताना ब्रेमन चौकात पोलिसाने थांबवलं, तेव्हा माझी गाळण उडाली होती. तू मागून शांतपणे क्लबचं पत्र काढून दिलंस आणि वर त्यालाच विचारलंस, 'काका, उघडून दाखवू?'

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकची रायफलची फायनल आम्ही शॉपमध्ये एका मोबाईलवर बघितली. स्वप्नील कुसाळे, राधानगरीकडच्या कांबळवाडीचा पोरगा, रेल्वेत टी.सी., सराव आपल्याच बालेवाडीत. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली, म्हणून सगळे नाचत होते. पण तू घरी आल्यावर पदकाचं बोललीच नाहीस. आदल्या वर्षीच्या एशियाडचं सांगितलंस, की हाच माणूस सोन्याच्या वाटेवर होता आणि एका वाईट गोळीने चौथा आला. ते ऐकून मला तुझा अभिमान वाटला होता. आता जरा धास्ती वाटते, कारण तू त्यातून 'थांबायचं नाही' एवढंच उचललंस.

तेजस्विनी सावंतचंही तूच सांगायचीस. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, आणि ऑलिम्पिकला उभी राहिली ती टोकियोत, चाळिशीत. मधली सगळी वर्षं ती बाई या खेळातच होती. मुक्ता, डॉक्टरांनी तुला सहा आठवडे आराम सांगितलाय. आठवडे! मागच्या वेळी पॉइंट दोनने यादीतून राहिलीस म्हणून हीच ट्रायल गाठायची, हा हट्ट मला कळतो. माझ्याकडूनच आलाय तो, तुझी आई तेही ऐकवतेच. पण चिकाटी म्हणजे दुखणं दाबून उभं राहणं नव्हे. लेथचं बेअरिंग आवाज करायला लागलं की आम्ही मशीन बंद ठेवतो, ऑर्डर कितीही घाईची असली तरी. त्याला कुणी हार मानली म्हणत नाही. माणसाने रोज थोडं थोडं करावं, खंड पडला तरी परत यावं, आणि निकालाकडे न बघता...

झालं सुरू माझं. ट्रायलच्या तोंडावर तुला हे ऐकवायला नको होतं. खोडत नाही, आई म्हणेल कागद घाण केला. तेवढा परिच्छेद तू सोडून दे.

खरं सांगायचं तर तू जा म्हणालो ते मनापासून म्हणालो. तुझ्याजागी मीही गेलोच असतो. फक्त रेंजवर पायात मुंग्या आल्या, डाव्या पायात, जशा गणपतीत आल्या होत्या, तर रायफल खाली ठेव. सरांना सांग. साठातली कितवी का गोळी असेना. तिथे मी नाही, आई नाही, आणि तू कुणाला सांगणारी नाहीस, म्हणून लिहितोय. परत परत लिहितोय, कळतंय मला.

मनूकडे डिंकाचे लाडू दिलेत, ताईआत्याचं तेल दिलंय आणि तू मुद्दाम कपाटात विसरलेला कमरेचा पट्टा दिलाय. तो गाडीत आणि खोलीवर वापर. डॉक्टरांची पुढच्या बुधवारची वेळ मी घेऊन ठेवलीये. रद्द करायची म्हणालीस तर करणार नाही.

ट्रायल झाली की लगेच फोन कर. स्कोअर मला नेटवर दिसेलच, तो सांगण्यात वेळ घालवू नकोस.

तुझा,
बाबा

ता.क. आईने हे वाचलं. तिचं म्हणणं, लाडू मनूला देऊ नकोस, तो सगळे खाईल.