वर्कशॉपमधल्या काकांचे मनापासून आभार

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅक्यूम चेंबरचा, म्हणजे आतली हवा उपसून काढलेल्या बंद भांड्याचा, दाब काही केल्या उतरेना. हेलियम फवारून गळती शोधली, सांधे हवाबंद करणारी तांब्याची गॅस्केटं बदलली, चेंबर तापवूनही पाहिला. बाहेरून कुठेच गळत नव्हतं. पीएचडीचं काम ठप्प.

संस्थेच्या वर्कशॉपमधल्या, लेथवर काम करणाऱ्या काकांनी चेंबरच्या आतला स्टँड हातात घेऊन फिरवून पाहिला. म्हणाले, "ताई, हवा आतच कोंडलीय." बंद तळाच्या भोकात स्क्रू घट्ट बसला, की खाली हवा अडकते आणि आट्यांमधून सावकाश झिरपत राहते. काकांनी स्टेनलेस स्टीलच्या त्या बारक्या स्क्रूंना मधोमध, लांबीभर १ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे खालची हवा तिथून चटकन निघून जाईल. इतकं बारीक ड्रिल त्या चिवट धातूत सहज मोडतं. ते जरा आत जात, ड्रिल मागे घेत, कीस झटकत, पुन्हा आत. सुट्टी झाली तरी उठले नाहीत. प्रत्येक भोकाच्या कडेची बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, भिंगातून बघून काढली, तेलाचा अंश राहू नये म्हणून स्क्रू अ‍ॅसिटोनने धुऊन फॉइलमध्ये गुंडाळून दिले. ड्रॉइंगमध्येच अशी वाट कशी ठेवायची, तेही मला कागदावर काढून शिकवलं.

दाब १०⁻⁹ मिलिबारपर्यंत उतरला. काका, माझी मोजमापं सुरू झाली ती तुमच्यामुळे. प्रबंधात तुमचे आभार पहिल्या ओळीत असतील.