घरकुलाच्या छपरावरचा 'सिमेंटचा पत्रा'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग लागण्यापूर्वी डोक्यावर छप्पर यावे म्हणून आमच्या समुद्रपूर तालुक्यातील गावांत मे महिन्यात बांधकामांची घाई असते. यंदा शेजारच्या अंगणात मिस्त्री कटरने सिमेंटचे पत्रे कापत होता. त्याच्या तोंडाला दुपट्टा होता, पण उडणारी राखाडी भुकटी ओसरीवर, बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर आणि तिथेच खेळणाऱ्या मुलांच्या केसांत बसत होती. निदान पाणी मारून तरी कापा, असे मी त्याला विनवले, तेव्हा तो म्हणाला, "सिमेंटच तर आहे, बाई." मी अनेक वर्षे अंगणवाडी सेविका म्हणून काम केले आहे. त्याच्या या एका वाक्यामुळेच मी हे पत्र लिहीत आहे.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात पुष्कळदा सिमेंटला बळकटी देण्यासाठी ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात, आणि नावात फक्त सिमेंट राहिल्यामुळे विकत घेणारा कधी विचारत नाही व विकणारा कधी सांगत नाही. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊन तिथेच रुततात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे, आज पत्र्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या प्रकारामुळेही, कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली असून अमेरिकेनेही मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. आपल्याकडे मात्र ते बाहेरून आणून पत्रे तयार होतात आणि तालुक्याच्या बाजारात उघडपणे विकले जातात.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा सारे राज्य हादरले, कारण ते विष काही तासांत किंवा दिवसांत दिसले. ॲस्बेस्टॉसचा आजार उघड व्हायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात, आणि तोवर कोणत्या अंगणात कोणता पत्रा कापला होता हे कोणाला आठवणार? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला होता. तो आदेश कारखान्यातील कामगारांसाठी होता. गावोगाव फिरून रोजाने पत्रे बसवणाऱ्या आमच्या मिस्त्रीची नोंद कोणत्याच वहीत नाही.

लोकांनी कवेलू, म्हणजे मातीची कौले, का सोडले, हे मला ठाऊक आहे. वानरांचा कळप एकदा घरावरून गेला की अर्धे छप्पर फुटते, दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, फेरणारे हात आता मिळत नाहीत आणि कुंभारांच्या भट्ट्याही विझत चालल्या आहेत. घरकुलाचे अनुदान हप्त्याहप्त्याने येते. त्यात स्लॅब बसत नाही, म्हणून पत्रा येतो. तेव्हा सर्वांनी पुन्हा कवेलूच घालावेत, असा माझा आग्रह नाही. टिनाचा पत्रा घेतला तरी हा धोका टळतो. तो उन्हाळ्यात तापतो हे खरे. पण त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत घातले आणि वरून चुन्याचा हात दिला, तर खोली राहण्याजोगी होते. बांबू आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आहे, आणि त्याचे प्रशिक्षण देणारे शासकीय केंद्र चिचपल्लीला आहे. माती, बांबू आणि कवेलूंची सेवाग्रामची बापू कुटी वेळच्या वेळी होणाऱ्या डागडुजीवर गांधीजींच्या काळापासून उभी आहे. मे महिन्यात तिथे घटकाभर बसून आलेल्याला मातीच्या भिंतीचा थंडावा वेगळा सांगावा लागत नाही.

रंगाविषयीही लिहिणे भाग आहे, कारण अंगणवाडीच्या खिडकीचे सुटलेले पिवळे पोपडे तोंडात घालणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी व लाल छटांत, शिसे असू शकते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे लहान मुलाचे शरीर शोषून घेते, आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो. घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु यंत्रांसाठीच्या रंगांना तो लागू नाही, आणि ट्रॉलीसाठी आणलेला उरलेला रंग दारा-खिडक्यांना फासण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडावी, आणि जुना रंग कोरडा घासू नये, ओला करून काढावा. भिंतींना तर चुन्याइतके स्वस्त व निर्धोक काही नाही. फक्त तो कालवताना डोळे आणि हात जपावेत.

स्वस्त प्लायवूडचे कपाट घेणाऱ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे की त्याच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा कर्करोगकारक वायू सुटतो आणि उष्णतेने तो वाढतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात बंद खोलीत अशा नव्या कपाटाजवळ लेकरांना झोपवू नये.

ज्यांच्या घरावर सिमेंटचे पत्रे आधीच आहेत, त्यांनी घाबरून ते उपटू नयेत. अखंड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. धोका आहे तो कापण्यात, भोके पाडण्यात, घासण्यात आणि फोडण्यात. वावधनाने (वादळी वाऱ्याने) फुटलेले तुकडे पाणी मारून उचलावेत, कोरडे झाडू नयेत, आणि चिखल बुजवण्यासाठी रस्त्यात तर मुळीच टाकू नयेत. तिथे बैलबंडी आणि ट्रॅक्टरखाली त्यांचे पीठ होते.

घरकुलाचा पहिला हप्ता देतानाच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व अभियंत्यांनी लाभार्थ्याला ही माहिती तोंडी व लेखी द्यावी, पत्रा घ्यायचाच असेल तर पावतीवर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे लिहून घेण्यास सांगावे, आणि मिस्त्रींसाठी पंचायत समितीने पावसाळ्यापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे, अशी माझी विनंती आपल्या दैनिकामार्फत जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचावी.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा